तीन सामने की पाच? : डेव्हिस करंडकाचे गणित आणि विज्ञान

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाची शेजारच्या गावातील एका महाविद्यालयाशी टेनिसची लढत ठरली. कोर्ट एकच, दिवसही एकच. लढत तीन सामन्यांची ठेवावी की पाच, यावर क्रीडासमितीत वाद सुरू झाला. आमच्या संघात एक मुलगा फार चांगला खेळणारा, बाकीचे बेताचे. कोणी म्हणे, "तीनच ठेवा, लवकर आटोपेल." कोणी म्हणे, "पाच ठेवले तर आपला हुकमी एक्का दोनदा खेळेल." शेवटी क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवले. "सर पदार्थविज्ञान शिकवतात, त्यांनाच गणित मांडू द्या." मी घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदावरच्या आकडेमोडीतून हा लेख तयार झाला.

मित्रांनो, टेनिस हा एकट्यादुकट्याने खेळायचा खेळ. कोर्टाच्या एका बाजूला फार तर दोघे असतात. मग एखादा 'देश' टेनिसमध्ये कसा जिंकतो? या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे ज्या स्पर्धेने दिले आहे, ती म्हणजे डेव्हिस करंडक स्पर्धा. आधी तिची रचना समजून घेऊ, आणि मग आमचा वाद सोडवू.

स्पर्धेची रचना

ही स्पर्धा १९०० साली सुरू झाली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा ड्वाइट डेव्हिस हा टेनिसपटू तिच्या मुळाशी होता. चांदीचे मोठे पात्र त्याने करंडक म्हणून दिले. पहिली लढत बॉस्टनजवळच्या लाँगवुड क्रिकेट क्लबवर अमेरिका व ब्रिटिश बेटे या दोन संघांतच झाली आणि ती अमेरिकेने जिंकली. पुढे एकेक देश वाढत गेला आणि आज शंभराहून अधिक देश तीत भाग घेतात. ही पुरुषांची स्पर्धा. स्त्रियांसाठी अशीच फेडरेशन करंडक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. २०२० पासून तिला बिली जीन किंग करंडक असे नाव आहे.

या लेखात आपण दोन देशांमधल्या संपूर्ण मुकाबल्याला 'लढत' म्हणू आणि लढतीतल्या एकेका खेळाला 'सामना' म्हणू. डेव्हिस करंडकाच्या जुन्या आणि प्रसिद्ध पद्धतीत एका लढतीत पाच सामने असत आणि त्यांना तीन दिवस लागत. पहिल्या दिवशी एकेरीचे दोन सामने. त्यांत एका देशाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू दुसऱ्या देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूशी खेळे. दुसऱ्या दिवशी दुहेरीचा एकच सामना. तिसऱ्या दिवशी पुन्हा एकेरीचे दोन सामने, पण आता जोड्या उलट : पहिला पहिल्याशी आणि दुसरा दुसऱ्याशी. ज्याने तीन सामने जिंकले त्याने लढत जिंकली. प्रत्येक सामना पाच सेटांचा, म्हणजे तीन सेट जिंकणाऱ्याचा.

२०१९ पासून यात मोठा बदल झाला. अंतिम टप्प्यातील संघ आता एकाच शहरात जमतात, आणि तेथील लढत तीनच सामन्यांची असते : दोन एकेरी, एक दुहेरी. प्रत्येक सामनाही तीनच सेटांचा. नव्या पद्धतीचा पहिला अंतिम टप्पा २०१९ साली माद्रिदला झाला. त्याखालच्या पात्रता फेरीत आणि जागतिक गटांत मात्र पाच सामन्यांची लढत कायम आहे, पण ती दोन दिवसांत संपते. म्हणजे 'तीन की पाच' हा आमच्या क्रीडासमितीचा वाद एका जागतिक स्पर्धेतही होऊन गेलेला आहे!

बाद पद्धत आणि एक जुनी सवलत

समजा १६ संघ आहेत आणि प्रत्येक लढतीत हरणारा बाद होतो. विजेता ठरेपर्यंत किती लढती होतील? फेऱ्या मोजत बसण्याची गरज नाही. एका लढतीत एकच संघ बाद होतो. १५ संघ बाद व्हायला हवेत, म्हणून १५ लढती. संघ १०० असले तरी उत्तर चुटकीसरशी ९९ असे येते.

आता एक गंमत पाहा. १९७१ सालापर्यंत डेव्हिस करंडकात असा नियम होता की गतविजेत्या देशाने आधीच्या फेऱ्या खेळायच्याच नाहीत. बाकीच्या देशांनी आपसांत खेळून एक आव्हानवीर निवडायचा, आणि गतविजेत्याने त्याच्याशी एकच लढत खेळायची, तीही बहुधा आपल्याच देशात. समजा सर्व १६ संघ अगदी तुल्यबळ आहेत. सर्वांनी सुरुवातीपासून खेळायचे ठरवले तर प्रत्येकाची करंडक जिंकण्याची संभाव्यता १/१६. पण जुन्या नियमाने गतविजेत्याची संभाव्यता सरळ १/२ होते! उरलेल्या १/२ मध्ये बाकीच्या १५ संघांचा वाटा, म्हणजे प्रत्येकी १/३०. खेळात काडीचाही फरक नसताना केवळ नियमामुळे गतविजेता इतरांच्या पंधरापट पुढे! १९३७ ते १९७३ या काळात करंडक अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्याबाहेर गेला नाही. त्यांचे खेळाडू श्रेष्ठ होते यात शंका नाही, पण नियमही बराच काळ त्यांच्या बाजूने होता. १९७२ पासून गतविजेत्यालाही सर्व फेऱ्या खेळाव्या लागू लागल्या.

तीन आणि पाच

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा आपला संघ प्रतिस्पर्ध्यापेक्षा थोडा सरस आहे आणि कोणताही एक सामना जिंकण्याची त्याची संभाव्यता ०.६ आहे. म्हणजे हरण्याची ०.४. एकच सामना ठेवला तर आपण शंभरांत साठ वेळा जिंकू.

तीन सामने ठेवले तर दोन जिंकायला हवेत. ते तीन प्रकारे जमते :

जय, जय : ०.६ × ०.६ = ०.३६०
जय, हार, जय : ०.६ × ०.४ × ०.६ = ०.१४४
हार, जय, जय : ०.४ × ०.६ × ०.६ = ०.१४४

बेरीज ०.६४८. म्हणजे शंभरांत सुमारे पासष्ट वेळा. अशाच रीतीने पाच सामन्यांचे सर्व प्रकार लिहून काढले तर उत्तर ०.६८३ येते. निष्कर्ष असा, की सामने जितके अधिक, तितका सरस संघाला लाभ आणि नशिबाचा वाटा कमी. प्रयोगशाळेत आपण लंबकाचे एकच आंदोलन न मोजता वीस आंदोलने मोजतो, त्यामागेही काहीसा असाच विचार आहे. एकाच मापनात चूक डोके वर काढते, अनेक मापनांत ती पातळ होते.

पण येथे एक गोष्ट आपण गृहीत धरली : सर्व सामने सारखेच. प्रत्यक्षात तसे नसते. आमच्याच संघाचा विचार करू. एक खेळाडू इतका चांगला, की तो एकेरी जिंकणारच असे धरू. दुसरा बेताचा, त्याची एकेरी जिंकण्याची संभाव्यता ०.२. दुहेरी अटीतटीची, संभाव्यता ०.५.

पाच सामन्यांत पहिल्या खेळाडूचे दोन विजय नक्की. उरलेल्या तीन सामन्यांपैकी एक जिंकला की झाले. ते तिन्ही सामने हरण्याची संभाव्यता ०.८ × ०.८ × ०.५ = ०.३२. म्हणून लढत जिंकण्याची १ – ०.३२ = ०.६८. तीन सामन्यांत पहिल्याचा एक विजय नक्की, उरलेल्या दोन्ही सामन्यांत हरण्याची संभाव्यता ०.८ × ०.५ = ०.४०, म्हणून लढत जिंकण्याची ०.६०. म्हणजे आम्हाला पाच सामनेच सोयीचे!

आता समजा, लढतीला महिना आहे आणि सराव कशाचा करावा हा प्रश्न आहे. दुहेरीचा सराव करून तिची संभाव्यता ०.५ वरून ०.७ करावी, की दुसऱ्या खेळाडूवर मेहनत घेऊन त्याची ०.२ वरून ०.४ करावी? वाढ दोन्हीकडे सारखीच, ०.२ ची. हिशेब करून पाहा :

पाच सामन्यांच्या लढतीत दुहेरी सुधारली तर १ – (०.८ × ०.८ × ०.३) = ०.८१, आणि दुसरा खेळाडू सुधारला तर १ – (०.६ × ०.६ × ०.५) = ०.८२. जवळजवळ सारखेच, पण दुसऱ्या खेळाडूचे पारडे किंचित जड.

तीन सामन्यांच्या लढतीत दुहेरी सुधारली तर १ – (०.८ × ०.३) = ०.७६, आणि दुसरा खेळाडू सुधारला तर १ – (०.६ × ०.५) = ०.७०. येथे दुहेरीचे पारडे स्पष्टपणे जड!

कारण उघड आहे. पाच सामन्यांत दुसरा खेळाडू दोनदा खेळतो, म्हणून त्याच्यावरची मेहनत दोनदा कामी येते. तीन सामन्यांत तो एकदाच खेळतो. नियम बदलला की सरावही बदलायला हवा, आणि हे कागदावर मांडल्याशिवाय सहज लक्षात येत नाही.

दुहेरीचे महत्त्व भारताइतके कोणाला ठाऊक असणार? डेव्हिस करंडकात दुहेरीचे सर्वाधिक सामने जिंकण्याचा विक्रम लिअँडर पेसने २०१८ साली केला. चीनविरुद्ध तिआंजिन येथे रोहन बोपण्णाच्या साथीने त्याने आपला ४३ वा विजय मिळवला. त्या लढतीत भारत पहिल्या दिवशी दोन्ही एकेरी हरला होता. नंतरचे तिन्ही सामने जिंकून भारताने लढत ३–२ अशी खिशात घातली. प्रत्येक सामन्यात जय-पराजयाची संभाव्यता निम्मी-निम्मी धरली, तर ओळीने तीन विजयांची संभाव्यता १/८ येते. अवघड खरे, पण अशक्य नव्हे.

कोर्ट कोणी निवडायचे?

पाच सामन्यांच्या लढतीत आणखी एक मोठा मुद्दा असतो. लढत दोघांपैकी एका देशात होते, आणि यजमान देशाला कोर्टाचा पृष्ठभाग निवडण्याचा अधिकार असतो. हिरवळ, माती की कठीण कोर्ट? या निवडीने एवढा काय फरक पडतो ते पदार्थविज्ञानाला विचारू.

समजा चेंडू ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर अशा आडव्या वेगाने आणि सेकंदाला ६ मीटर अशा खालच्या दिशेच्या वेगाने जमिनीवर आदळतो. आदळताना दोन गोष्टी होतात. खालच्या दिशेचा वेग उलटून वरच्या दिशेचा होतो, पण तो कमी होतो. किती पट उरतो, त्या संख्येला आपण 'उसळी-गुणांक' म्हणू. शिवाय घर्षणामुळे आडवा वेगही घटतो. चेंडू जमिनीवरून घसरत असेल तर ही घट काढण्याचे सूत्र सोपे आहे :

आडव्या वेगातील घट = घर्षण-गुणांक × (१ + उसळी-गुणांक) × खालच्या दिशेचा वेग

हिरवळीसाठी घर्षण-गुणांक ०.६ व उसळी-गुणांक ०.७ धरू. मातीच्या कोर्टासाठी ०.८ व ०.८५ धरू. तिरपा येणारा चेंडू मातीत किंचित रुततो आणि आपल्यापुढे मातीचा बारीकसा उंचवटा करतो. तो उंचवटा त्याला वर ढकलतो, म्हणून मातीवरचा उसळी-गुणांक मोठा धरला आहे.

हिरवळीवर घट ०.६ × १.७ × ६ = ६.१ मी./से. उरलेला आडवा वेग २३.९, वरच्या दिशेचा वेग ४.२.

मातीवर घट ०.८ × १.८५ × ६ = ८.९ मी./से. उरलेला आडवा वेग २१.१, वरच्या दिशेचा वेग ५.१.

खेळाडू टप्प्यापासून ५ मीटर मागे उभा आहे असे धरा आणि हवेचा विरोध तात्पुरता विसरा. हिरवळीवरून चेंडू त्याच्यापर्यंत ०.२१ सेकंदात पोहोचतो आणि तेव्हा तो जमिनीपासून सुमारे ६६ सेंटिमीटर उंच असतो. मातीवरून तो ०.२४ सेकंदात पोहोचतो आणि सुमारे ९३ सेंटिमीटर उंच असतो. एकच फटका, एकच चेंडू. पण एका ठिकाणी तो गुडघ्याच्या जरा वर येतो, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ कमरेएवढा. शिवाय सेकंदाच्या तीन शतांश भागाइतका अवधी जास्त मिळतो. आयुष्यभर एका प्रकारच्या कोर्टावर ज्याचे हात घडले, त्याला दुसऱ्या कोर्टावर परकेपणा का वाटतो ते यावरून कळेल.

भारताचे खेळाडू हिरवळीवर वाढले, आणि आपल्या इतिहासाची मोठी पाने हिरवळीवरच लिहिली गेली. १९६६ साली कोलकात्याला ब्राझीलविरुद्ध लढत २–२ अशी बरोबरीत आली असता रामनाथन कृष्णन शेवटच्या सामन्यात २–१ सेटने आणि चौथ्या सेटमध्ये ५–२ ने मागे होते. तेथून सामना जिंकून त्यांनी भारताला प्रथमच अंतिम लढतीत नेले. १९८७ साली विजय अमृतराज, रमेश कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीत, हिरवळीवर, ऑस्ट्रेलियाला ३–२ असे नमवले. पण अंतिम लढत स्वीडनमध्ये होती. यजमानांनी गोथेनबर्गच्या बंदिस्त प्रेक्षागारात मातीचे कोर्ट तयार केले आणि लढत ५–० अशी जिंकली. स्वीडनचा संघ बलाढ्यच होता, पण कोर्टाची निवडही त्यांनी विचार करूनच केली होती.

जे गणितात बसत नाही

एक अंतिम लढत मात्र भारताने खेळलीच नाही. १९७४ साली भारताने कोलकात्याला ऑस्ट्रेलियाला ३–२ असे हरवले, आणि मग उपांत्य लढतीत पुण्याला सोव्हिएट संघाला. आनंद आणि विजय हे अमृतराज बंधू ऐन भरात होते. करंडक एका लढतीवर आला होता. समोर संघ होता दक्षिण आफ्रिकेचा. त्या देशात तेव्हा वर्णभेद हा कायदाच होता. कातडीच्या रंगावरून माणसाने कोठे राहायचे, कोठे शिकायचे आणि कोणाबरोबर खेळायचे हे तेथील सरकार ठरवीत असे. भारताने खेळण्यास नकार दिला. दक्षिण आफ्रिकेला पुढे चाल मिळाली आणि एकही चेंडू न मारता करंडक तिकडे गेला.

भारताला तो करंडक आजवर मिळालेला नाही. त्या वर्षी खेळलो असतो तर जिंकण्याची संभाव्यता कितीही मोठी असती, नकारानंतर ती शून्य झाली. खेळाडूंना त्याची हळहळ वाटली असेल तर ते स्वाभाविकच आहे. पण काही निर्णय संभाव्यता पाहून घ्यायचे नसतात. १९९० नंतरच्या काही वर्षांत दक्षिण आफ्रिकेतील तो कायदा संपला. त्यासाठी जगभरातून जो दबाव आला, त्यात भारताच्या त्या सोडलेल्या करंडकाचाही थोडा भार होता.

आमच्या लढतीचे काय झाले?

माझा कागद समितीला पटला. पाच सामने ठरले, पण कोर्ट एकच असल्याने प्रत्येक सामना एकाच सेटचा. आमच्या एक्क्याने दोन्ही एकेरी जिंकल्या. दुहेरी मात्र आम्ही थोडक्यात गमावली, आणि दुसरा खेळाडू दोन्ही सामने हरला. लढत २–३ अशी हातची गेली.

दुसऱ्या दिवशी तो दुसरा खेळाडू प्रयोगशाळेत माझ्याजवळ आला. चेहरा पडलेला. म्हणाला, "सर, तुमचे गणित चुकले." मी म्हटले, "गणिताने ०.६८ सांगितले होते. म्हणजे शंभरांत बत्तीस वेळा आपण हरणार, हेही त्यातच सांगितले होते. कालचा दिवस त्या बत्तिसांतला निघाला." थोडा वेळ तो गप्प राहिला. मग त्याने विचारले, "माझे ०.२ चे ०.४ झाले तर?" मी कागद त्याच्या हातात दिला. या वर्षी तो रोज सकाळी सहा वाजता कोर्टावर असतो.

करून पाहा

१. नियमाप्रमाणे टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. तुमच्याकडचा चेंडू २ मीटरवरून फरशीवर, मातीवर आणि गवतावर सोडा. उसळीची उंची भागिले सोडण्याची उंची, या संख्येचे वर्गमूळ काढले की सरळ पडणाऱ्या चेंडूचा उसळी-गुणांक मिळतो. प्रत्येक ठिकाणी निदान दहा वेळा मोजून सरासरी घ्या. जुन्या आणि नव्या चेंडूत काय फरक पडतो?

२. एका सामन्याची संभाव्यता ०.७ असेल तर तीन आणि पाच सामन्यांच्या लढतीची संभाव्यता काढा. (उत्तरे : ०.७८ आणि ०.८४.)

३. या लेखात एका सामन्याच्या निकालाचा पुढच्या सामन्यावर परिणाम होत नाही असे धरले आहे. थकवा आणि मनावरचा ताण लक्षात घेतले तर आमच्या एक्क्याचे गणित कसे बदलेल, याची वर्गात चर्चा करा.